जिन्याखाली काम वाढलं

अल्टरवाल्याच्या दुकानात उभं राहायचं तर मान तिरकी धरावी लागते. दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली आहे. पुढे माणसाच्या उंचीएवढं, मागे जाता जाता गुडघ्याएवढं. मधे शिलाई मशीन, मागे दांडीला टांगलेल्या कपड्यांच्या पिशव्या, आणि जिना सगळ्यात खाली उतरतो तिथे उशीवर बसून त्याची बायको काजं-बटणं करते. वरून कोणी उतरलं की दिव्याची वायर हलते. दुसऱ्या मजल्यावरचे घरमालक उतरू लागले, की पावलं ओळखून ती मान वर न करता म्हणते, "आले."

पूर्वी तो नवे कपडे शिवायचा. रस्त्याच्या तोंडाशी दुकान होतं, कापड बेतायला लांबरुंद टेबल होतं. मग नवं शिवून घेणारे कमी होत गेले. टेबल विकलं, दुकान सोडलं आणि तो जिन्याखाली आला. इथे मात्र काम वाढतच गेलं. लोक विरलेली कॉलर उलटवून घेतात, चेन बदलतात, थोरल्याची पँट धाकट्याच्या मापाची करून घेतात. मुलीच्या गणवेशाची दुमड सोडायला आलेली आई आधीच विचारते, "जुनी रेघ दिसणार नाही ना?" रेघ दिसतेच. तो म्हणतो, "धुतल्यावर जाईल."

या सरकारच्या काळात त्याच्याकडचं काम दुप्पट झालं ते असं. पण सात-आठ दुरुस्त्या केल्या तेव्हा कुठे एका शर्टाची शिलाई हाती येते, आणि दोऱ्याची रिळं, सुया, वीजबिल या काळात स्वस्त झालेलं नाही. सकाळी पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधी तो मशीनवर बसतो. जेवण तिथेच. महिनाअखेरीला हातात उरतं ते टेबल होतं तेव्हापेक्षा कमी.

हे तो कोणापाशी बोलत नाही. गिऱ्हाइकासमोर रडायचं नाही, हे ज्या मास्तरांच्या हाताखाली तो शिकला त्यांनीच बजावलं होतं. पलीकडच्या लाँड्रीवाल्यानं हे पाळलं नाही. एका बाईजवळ तो सहज बोलून गेला, की आता परवडत नाही, बंद करावं म्हणतो. दुसऱ्याच दिवशी दारात रांग लागली, कपडे परत न्यायला. धुतलेले, न धुतलेले, ओले, मिळतील तसे लोक घेऊन गेले. लाँड्री खरोखरच बंद पडली.

म्हणून निवडणुकीच्या आधी सत्ताधारी पक्षाचे दोन कार्यकर्ते मोबाइल धरून आले, तेव्हा अल्टरवाल्यानं आधी पाहिलं ते त्यांच्यामागे पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या गिऱ्हाइकांकडे.

"काका, आमच्या सरकारच्या काळात तुमचं काम वाढलं का?"

"वाढलं की. दुप्पट झालं."

"मजेत ना मग?"

"चांगलं चाललंय."

एवढंच. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर पोचला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, कारागिराची भरभराट. मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, आता तुमचं बरं चाललंय, तर जरा..." बायकोनं फोन काढून घेतला आणि भावाला म्हणाली, "भरभराट बघायची असेल तर ये इकडे. वाकून ये पण, डोकं आपटेल."

दोन दिवसांनी दिव्याची वायर हलली.

"पुढच्या महिन्यापासून भाडं दीडपट," मालक म्हणाले. "जमत नसेल तर चावी द्या. इथे मोटरसायकली लावायला माणसं मागे लागलीत."

"मालक, ते आपलं चारचौघांत बोलायचं बोलणं होतं."

"म्हणजे खोटं बोललात?"

"खोटं कशाला? काम वाढलंच आहे."

"मग झालं तर. माझ्या ठेवींवरचं व्याज किती उतरलंय ठाऊक आहे? मी बोललो कुठे?"

दीडपट भाडं निघणं शक्य नव्हतं. दुसरीकडे जावं, तर गिऱ्हाईक येतं ते जाता-येता इथे पिशवी टाकता येते म्हणून. बायको म्हणाली, "मालकांना एकदा सगळं उलगडून सांगा. एकटे असताना."

तशी वेळ आली असं वाटलं. भाचीच्या लग्नासाठी मालक स्वतःच्या लग्नातला कोट घेऊन आले. काखेत तंग, अस्तर फाटलेलं.

"नवा नाही घेतलात?" बायकोनं विचारलं.

"भाव विचारून आलो, वहिनी."

अल्टरवाल्यानं त्यांच्या अंगावरच कोटाला टाचण्या लावल्या. हात पसरलेले मालक जागचे हलू शकत नव्हते. तो बोलायला सुरुवात करणार, एवढ्यात एक शाळेतल्या बाई आणि एक ड्रायव्हर पिशव्या घेऊन आले, आणि त्यांच्या पाठोपाठ माइक घेतलेली वार्ताहर.

"तुमच्या त्या व्हिडिओवरून वाद चाललाय," ती म्हणाली. "खरं सांगा, तुमची परिस्थिती सुधारली का?"

"बोला ना अहो," जिन्याखालून बायको म्हणाली. "आता तरी बोला."

त्यानं तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. मालक ऐकत होते. बाई आणि ड्रायव्हरही ऐकत होते, दोघांच्याही पिशव्या अजून त्यांच्याच हातात होत्या. मागे दांडीवर लोकांचे कपडे गच्च टांगलेले होते.

"चांगलं चाललंय," तो म्हणाला.

"म्हणजे सुधारली?"

"काम भरपूर आहे."

बाईंनी पिशवी मशीनवर ठेवली. "शनिवारपर्यंत मिळेल ना मग?"

"मिळेल."

ड्रायव्हरनंही ठेवली. वार्ताहर माइकची वायर गुंडाळत निघून गेली.

"ऐकलंत ना वहिनी?" हात तसेच पसरलेले ठेवून मालक म्हणाले. बायकोनं दातानं दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.

गिऱ्हाइकं गेल्यावर मालकांनी आवाज खाली आणला. "कोटाचं जरा कमी घ्या हो. घरातलंच कार्य आहे."

"घेतो," अल्टरवाला म्हणाला. "हात वर करा." आणि तो दुसऱ्या काखेत टाचण्या लावू लागला.