जास्तीचे अडीच तास

जेद्दाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतं. भूगोलाचा मास्तर म्हणून हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं, याची मोजदाद नाही. तरी त्या एका दिवशी चुकलो. हल्ली दुपारी आडवा होतो, लगेच उठतो, अंतरं पुन्हा पुन्हा मोजतो.

शेजारचे शिंपीमामू संध्याकाळी वारले. त्यांचा एकुलता मुलगा जेद्दाला नोकरीत. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात त्याचा फोन आला, तो मी घेतला.

"मास्तर, तिकीट मिळालं. उद्या साडेअकराला मुंबईत उतरतो. अब्बाला ठेवा. मुँह देखना है."

लाईन तुटली. घरी नकाशावर दोरा लावला. साडेतीन हजार किलोमीटर, पाच तास. साडेअकरा हे त्यानं तिथल्या घड्याळानं सांगितलं असं धरून मी अडीच तास मिळवले. म्हणजे मुंबईत दोन. तिथून आमच्या औरंगाबादचं विमान अडीचला, ते चुकणारच. टॅक्सीनं यायला रात्रीचे अकरा, असं सगळ्यांना सांगितलं.

तिकिटावर उतरण्याची वेळ उतरायच्या गावाचीच असते. हे मला ठाऊक होतं.

सकाळी ऊन तापलं, मामूंभोवतीच्या बर्फाच्या लाद्या वितळू लागल्या. जमातीतले एक बुजुर्ग म्हणाले, "मास्तर, एक बार फिर देखो. उंगलियाँ पे नक्को, कागज पे करो."

लोक हसले. मला ते लागलं. "भूगोल माझा विषय आहे," मी म्हणालो.

दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर मामूंना दफन केलं. सव्वाचारला रिक्षा थांबली. मुलगा बॅग घेऊन उतरला, माणसांच्या तोंडांकडं बघत राहिला.

"कधी नेलं?"

"दोनला," कुणीतरी म्हणालं.

तो तिथंच पायरीवर बसला.

खालानं, त्याच्या आईनं, मला विचारलं, "मास्तर, तुम तो अकरा बोले थे?"

"पाठीवर वारा असला की विमान लवकर येतं," मी म्हणालो. तिनं ते खरं मानलं. मरेपर्यंत माझ्यासमोर वाऱ्याला शिव्या घालायची, आणि मी मान हलवायचो.

विमान त्या दिवशी अगदी वेळेवर आलं होतं.

गेल्या महिन्यात पुंडलिकनगरला मामूंच्या मुलाच्या घरी गेलो. त्याचीही दाढी आता पांढरी झालीय. बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं. शेवटी त्यानं एवढंच विचारलं, "तुम्ही सव्वाचार सांगितलं असतं, तर अम्मी थांबली असती?"

"व्हय," मी म्हणालो. आणि जे सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो, तेही तोंडून गेलं. "ती रात्री अकरापर्यंतही थांबायला तयार होती. एवढ्या उन्हात नको, असं तिला मीच समजावलं."

तो उठून आत गेला. त्याच्या सुनेनं चहा आणला. तो बाहेर येईल म्हणून मी कप हातात धरून बसलो. मग तसाच खाली ठेवला आणि चपला घातल्या.