लंकाबाईचा मुराळी

नवरात्र उठलं की लंकाबाईचं पोळपाटावर लक्ष राहत नसे. पुण्याच्या मोठ्या जेलात बायकांच्या भटारखान्यात ती चपात्या लाटायची, आणि एरवी तिच्या हातची चपाती अशी गोल की नव्या पोरींना ती शिकवायला बसवायची. पण दिवाळी जवळ आली की हात चालायचा आणि नजर दाराकडे जायची. चपातीचा कुठलातरी देश व्हायचा. शेजारी बसणारी सविता हसून म्हणायची, "मावशी, आला का गं तुझा मुराळी?"

मुराळी म्हणजे सासरी असलेल्या लेकीला सणाला माहेरी घेऊन जायला येणारा. लंकाबाई पाथर्डीकडच्या एका कोरड्या गावात नांदायला आली तेव्हा तिचा धाकटा भाऊ वैजनाथ एवढासा होता, तरी चुलत्याचं बोट धरून दिवाळीला तोच आला. पुढे एकटा येऊ लागला, आधी यष्टीने, मग सायकलवर, मग मोटारसायकलवर. अंगणात पाय ठेवला की पाणीसुद्धा न पिता "आक्का, चल" म्हणायचा. शेवगाव तालुक्यातलं ते माहेर काही श्रीमंत नव्हतं. पण आपल्याला न्यायला कुणीतरी येतं, आणि सासू ते बघते, हे सुख काय असतं ते सासुरवाशिणीलाच कळायचं.

तिला शिक्षा कशाची लागली ते सांगायला हवं. भांडण बांधावरचं. नवरा सूर्यभान याने चुलतभावाच्या डोक्यात फावडं घातलं. एकदाच घातलं, पण तेवढं पुरलं. लंकाबाईने मेलेल्याला हात लावला नव्हता. त्याच्या बायकोने मध्ये पडू नये म्हणून तिला दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. जिवे मारायचा इरादा नव्हता असं कोर्टाने मानलं आणि नवरा-बायकोला सारखीच दहा-दहा वर्षं दिली. आपण निर्दोष आहोत असं लंकाबाई कधीच म्हणाली नाही. "सोडलं असतं तिला, तर ती आडवी पडली असती आन् मानूस वाचला असता," एवढं ती सविताला एकदा म्हणाली होती.

शिक्षा सारखी असली तरी भोगणं सारखं नव्हतं, ही खरी गोष्ट.

ठरावीक वर्षं नीट काढली की कैद्याला काही दिवसांची रजा मिळते. त्यासाठी घरचं कुणीतरी हमी घ्यायला लागतं, आणि गेटवर येऊन घेऊन जायला लागतं. सूर्यभानच्या वेळी त्याची आई आली. दुसऱ्या खेपेला गुडघे धरून, रडत-कण्हत, पण आलीच. लंकाबाईच्या नावाने मात्र सासरचं पान हललं नाही. सासरचे म्हणणार, तिच्या माहेरच्यांनी बघावं. माहेरचे म्हणणार, आम्ही दिली तिथे दिली. बाईमाणूस आत गेलं की ते कुणाचंच उरत नाही. मूलबाळ असतं तर गोष्ट वेगळी, पण तेही नव्हतं.

तरी दरवर्षी ती अर्ज करायची, आणि तोही अशा बेताने की रजा नेमकी दिवाळीत पडावी. हमी कोण घेईल? भाऊ, वैजनाथ. दरवर्षी शेवगावकडचा पोलीस वैजनाथच्या दारात जायचा आणि दरवर्षी जबाब यायचा, की आम्ही जबाबदारी घेऊ शकत नाही. कैद्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या ताई बराकीत यायच्या, त्यांनी किती समजावलं, "अहो, दुसरं नाव द्या. नणंदेचं द्या. आमची संस्था बघेल काहीतरी."

"नको, ताई. दिवाळीचा मुराळी भाऊच आस्तो."

आता या हट्टाला काय म्हणावं! दुसरं नाव दिलं असतं तर कदाचित एखादी दिवाळी तिने बाहेर काढली असती. पण आपल्याला घर पाहिजे की भाऊ पाहिजे, याचा हिशेब तिने मनाशी केव्हाच पक्का केला होता, आणि तो चुकीचा होता असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

याच ताईंनी एकदा सांगितलं होतं, की शंभर कैदी धरले तर त्यात बायका जेमतेम चार. बाकी सगळे बाप्ये. मुलाकातीच्या दिवशी पुरुषांच्या बाजूला बायकांची ही रांग लागते. कुणाची बायको, कुणाची आई, डबे काय, पोरं काय. आणि या चौघींच्या बाजूला शुकशुकाट. ऐकून लंकाबाई म्हणाली, "चारच हायेत, तर यायला लोकं बी थोडीच लागत्यात की!" सगळ्या बराकीत हशा पिकला. ती स्वतः हसली नाही.

सूर्यभान त्याच जेलात, पुरुषांच्या बाजूला होता, आणि महिन्यातून एकदा नवरा-बायकोची भेट व्हायची. रजेवरून आल्यावर सूर्यभान तिला सगळं सांगायचा. आईने पुरणपोळी केली, कुंभाराच्या विहिरीला पाणी आलं, आपल्या घराची मागची भिंत फुगली. लंकाबाई ऐकत राहायची. आता म्हणेल, मग म्हणेल, की 'आईला सांगून आलोय, औंदा तुला बी न्यायला येतीया'. तो म्हणायचा नाही. ती विचारायची नाही. मागून घेतलेलं येणं तिला नको होतं.

मग सरकारचा एक हुकूम निघाला. निम्म्याहून जास्त शिक्षा भोगलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या बायका आणि साठी ओलांडलेले पुरुष यांना झेंड्याच्या दिवशी सोडायचं. म्हणजे बाई दहा वर्षं आधी म्हातारी होते, हे सरकारलाही ठाऊक होतं. लंकाबाई त्रेपन्नची, सुटली. सूर्यभान सत्तावन्नचा, राहिला. तिच्याबरोबर सुटणाऱ्या म्हाताऱ्यांना घ्यायला लोक हार घेऊन आले होते, एकाकडे तर ढोल होता. लंकाबाई पिशवी धरून कडेला उभी राहिली. यष्टी उशिरा येते, माणूस रस्त्यात अडकतं, असं स्वतःला सांगत ऊन चढेपर्यंत उभी राहिली. तिने वैजनाथला कळवलं होतं. शेवटी गेटवरच्या शिपाईबाईने विचारलं, "आजी, कुणी यायचंय का?" तेव्हा ती "न्हाई" म्हणाली आणि चालायला लागली.

नगरला जाणाऱ्या यष्टीत कंडक्टरने तिला अर्धं तिकीट फाडलं. "आरं, मी काय ल्हान हाय का?" ती भांडायला उठली. बायकांना आता अर्धंच असतं हे तिला कोण सांगणार! शेजारच्या बायका हसल्या, आणि मावशी, कुठल्या मुलखातून आलात, असं एकीने विचारलं. लंकाबाईने खिडकीबाहेर तोंड केलं.

घरी सासू वारली होती. नणंदेकडून किल्ली आणून तिने घर झाडलं, मागच्या भिंतीला टेकू लावला आणि लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली. गाव वाईट वागलं नाही. बोलावणंही केलं नाही.

दसरा झाला आणि पोलीस ठाण्याचा हवालदार मोटारसायकलवर दारात आला. सूर्यभानने दिवाळीला रजा मागितली होती. आई गेली, बहिणीच्या नवऱ्याने नाही म्हणून सांगितलं, आता उरली बायको.

"तुमी घेताय का हमी? न घेतली तरी चालतंय बरं का. जबरदस्ती न्हाई."

लंकाबाई उंबऱ्यात बसली. नाही म्हणायचं, एवढंच काम होतं. तिच्या नावाच्या कागदावर दरवर्षी कुणीतरी तेवढंच केलं होतं. दोन वेळा घरची पुरणपोळी खाऊन आलेला हा माणूस. आपल्यासाठी त्याने काय केलं? पण तिच्या डोळ्यांसमोर ते गेट होतं. त्या गेटमधून बाहेर आल्यावर नजर कशी भिरभिरते, प्रत्येक फेट्यात, प्रत्येक पदरात आपलं माणूस कसं शोधते, ते तिला ठाऊक होतं. आणि कुणी आलेलं दिसल्यावर तोंडावर काय उमटत असेल, ते मात्र ठाऊक नव्हतं. ते तिला बघायचं होतं. स्वतःच्या तोंडावर उमटलं नाही, निदान दुसऱ्याच्या तरी बघू. एवढ्या एका ओढीसाठी ती म्हणाली, "कुठं सही करायची?"

धनत्रयोदशीच्या आधी ती पुण्याला गेली. धुतलेलं लुगडं, डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. लवकर पोचली आणि गेटच्या अगदी समोर उभी राहिली, म्हणजे बाहेर पडल्या-पडल्या दिसावी.

लहान दार उघडलं. सूर्यभान वाकून बाहेर आला. त्याने इकडे बघितलं नाही, तिकडे बघितलं नाही. सरळ चालत तिच्यापर्यंत आला आणि पिशवी तिच्या हातात दिली.

"आलीस व्हय. चल, गाडी चुकंल."

लंकाबाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. काही नव्हतं तिथे. रानातून घरी आलेल्या माणसाचं तोंड असावं तसं ते होतं. कुणीतरी येणार याची त्याला कधी शंकाच नव्हती, मग आनंद कशाचा व्हायचा? रस्ता ओलांडून तो पुढे गेलासुद्धा. तिला एकदम इतकं रिकामं वाटलं की पिशवी तिथेच टाकून बसावं.

यष्टीत त्याने खिडकी धरली, भाकरी खाल्ली, पाणी प्याला. गाडीत दिवाळीची गर्दी होती. पुढच्या बाकावर एक भाऊ बहिणीला घेऊन निघाला होता. ती एकसारखी बोलत होती आणि तो पेंगत होता. शिरूर गेल्यावर सूर्यभानला काय आठवलं कोण जाणे.

"तुला सोडलं तवा कोन आल्तं गं?"

"कोन न्हाई."

"वैजनाथ?"

"न्हाई आला."

माणूस दुष्ट नव्हता. खालच्या आवाजात म्हणाला, "आईला सांगाया पायजे हुतं म्या. दोन येळा घरी आलो, पन सांगायचं डोस्क्यातच आलं न्हाई बग. खरं सांगतो."

तो खरंच सांगत होता, आणि तेच तिला लागलं. एवढी वर्षं तिने भावाच्या नकाराचं दुःख केलं. पण त्या प्रत्येक नकारासाठी वैजनाथसमोर कुणीतरी तिचं नाव घेतलं होतं. त्याने ते ऐकलं होतं, बायकोच्या तोंडाकडे बघितलं असेल, लग्नाच्या पोरीकडे बघितलं असेल, मान खाली घालून नाही म्हणाला असेल. दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर एकदा तरी त्याला आक्का आठवली होती. इथे तर नाही म्हणण्याइतकीही ती कुणाच्या ध्यानात नव्हती. लंकाबाईला आपल्या भावाची अशी आठवण आली, की पदर तोंडात कोंबून ती हुंदके देऊन रडली. पुढच्या बाकावरची बहीण बोलायची थांबली.

"आगं, काय झालं? म्या काय केलं?" सूर्यभान घाबरून म्हणाला.

तिने डोळे पुसले.

"उटा," ती म्हणाली. "मला खिडकी पायजे."

तो उठला.