पाऊलमास्तरांचे त्रेचाळीस ग्रुप

माणूस खरा कसा चालतो, हे त्याला ‘चालून दाखवा’ म्हटल्यावर कधीच कळत नाही. आरशासमोर, डॉक्टर बघत असताना जो तो फोटो काढायला उभा राहिल्यासारखा चालतो. खरी चाल दिसते ती उशीर झालेला असताना, कुणाशी भांडताना, नाहीतर जड पिशवी घेऊन घरी परतताना. पाऊलमास्तरांना सव्वीस वर्षांच्या नोकरीत पटलेलं हे सत्य. त्यांच्या हातून झालेली सगळी चांगली कामं याच सत्यातून झाली, आणि आयुष्यातली सगळ्यात मोठी चूकही.

नाव त्यांना होतं, पण ते हजेरीपटावरच राहिलं. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, चादरी धुण्याच्या खोलीला लागून त्यांची कार्यशाळा होती. प्लास्टरची पांढरी धूळ, तापवलेल्या प्लास्टिकचा वास, भिंतीवर टांगलेले डावे-उजवे साचे. तिथे बसून मास्तर माणसांचे गेलेले पाय परत बनवायचे. पाय बनवायचा मास्तरांनी आणि त्यावर माणसाला उभं करायचं ताईंनी, अशी वाटणी होती. ताई म्हणजे चालायला शिकवणाऱ्या. दोन समांतर दांड्यांच्या मध्ये त्या रोग्याच्या कमरेला हात देऊन म्हणायच्या, “टाका वजन. पडत नाही तुम्ही, मी आहे.” आणि मास्तर खाली फरशीवर उकिडवे बसून टाच बघायचे. वयानं त्या मास्तरांपेक्षा बारा वर्षांनी लहान, पण मास्तर त्यांना ताईच म्हणत आणि त्या रागावल्या की खरोखर घाबरत. अठरा वर्षं हे असं चाललं होतं. कित्येक नवराबायकोंचं इतकं पटत नाही.

पूर्वी रोग्याची खरी चाल बघायला मास्तर फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात जाऊन लपून बसायचे. मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि मास्तरांना वाटलं, घबाडच सापडलं. नवा पाय दिला की ते रोग्याला विचारायचे, “तुम्ही कुठे जाता-येता? तुमच्या लोकांचा काही ग्रुप आहे का?” आणि त्या ग्रुपात शिरायचे. कबुतरं पाळणाऱ्यांचा ग्रुप, गळ टाकून मासे धरणाऱ्यांचा, निवृत्त बसचालकांचा, जुनी गाणी म्हणणाऱ्यांचा. एका पक्षाचा आणि त्या पक्षाला पाण्यात पाहणाऱ्या दुसऱ्या पक्षाचाही. असे त्रेचाळीस. कुणी सहलीचा नाहीतर मोर्चाचा व्हिडिओ टाकला की मास्तर आवाज बंद करायचे, दोन बोटांनी चित्र मोठं करायचे आणि आपला पाय शोधायचे. मजकूर वाचायच्या भानगडीत पडायचे नाहीत. त्यांची बायको म्हणायची, “हा फोन आहे की धर्मशाळा? कोण कुठला उठतो नि पथारी टाकतो.”

त्यांना सगळ्यात छळलं असेल तर पत्रेवाल्याच्या पायानं. हा गडी छपरांवर पत्रे ठोकायचा, एकदा वरून पडला आणि उजवा पाय गुडघ्याखाली गेला. सात वेळा मास्तरांनी त्याचा पाय दुरुस्त केला, दोनदा साचा नव्यानं घेतला, तरी तो लंगडायचा तो लंगडायचाच. मास्तरांनी हाय खाल्ली. ताई म्हणाल्या, “मास्तर, दोष पायात नाही, त्याच्या मनात आहे. पडायची भीती आहे त्याला.” मग त्याला भीती नसते तेव्हा तो कसा चालतो हे बघायला मास्तर त्याच्या ग्रुपात गेले. ग्रुपचं नाव होतं ‘आपलं शहर आधी’.

आता हे नावच पुरेसं बोलकं होतं. शहर आपलं म्हणजे नेमकं कोणाकोणाचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ताईंचे आजोबा कधीकाळी दुसरीकडून येऊन खालच्या वस्तीत राहिले होते. त्यांच्या नातवंडांना अजूनही ‘बाहेरचे’ म्हणणारी मंडळी त्या ग्रुपात दिवसरात्र गरळ ओकत होती. मास्तरांना यातलं काही दिसलं नाही. दिसलं नाही म्हणजे त्यांनी बघितलं नाही. या दोन्हीत फरक आहे, आणि तो मी मास्तरांच्या बाजूनं झाकणार नाही.

मग एका नऊ तारखेला खालच्या वस्तीत मोर्चा घुसला. ताईंच्या भावाचं शिवणकामाचं दुकान होतं, त्याचं शटर लाथा घालून वाकवलं, मशिनी रस्त्यावर आपटल्या आणि भावाचा हात कोपरात मोडला. रविवारी मास्तर स्वतःची हातोडी घेऊन तिथे गेले आणि दिवसभर राबून त्यांनी शटर सरळ केलं. “कोण हे राक्षस!” असं चारदा म्हणाले. ताईंच्या वहिनीनं त्यांना जेवायला वाढलं.

दोन महिन्यांत निवडणूक झाली आणि हॉस्पिटलवर नवं मंडळ आलं, मोर्चा काढणाऱ्यांची माणसंही त्यात बसली. नव्या मंडळाला ‘निःपक्ष’ कर्मचारी हवे होते. असल्या कामाला जन्मलेला एक माणूस प्रत्येक कचेरीत असतोच, इथे तो हेडक्लार्क होता. त्यानं कोण कोणत्या ग्रुपात आहे याची यादी केली आणि नावापुढे शेरे मारले. प्रयोगशाळेतल्या बाई झाडं वाचवणाऱ्यांच्या ग्रुपात होत्या, म्हणून त्या विरोधक ठरल्या. एक्स-रेवाल्याला एक गायक आवडायचा आणि तो गायक कधीतरी कुठल्याशा व्यासपीठावर गायला होता, म्हणून एक्स-रेवाला त्या पक्षाचा. म्हातारा पहारेकरी कुठल्याच ग्रुपात नव्हता, त्याच्यापुढे लिहिलं, ‘काहीतरी लपवतो.’ “ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला,” असं हेडक्लार्क सगळ्यांना ऐकवत फिरायचा. स्वतः तो फक्त सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्या ग्रुपात होता. फुलांचा गुण मात्र त्याला कुठे लागलेला दिसला नाही.

मास्तरांच्या नावाशी येऊन हेडक्लार्कचं पेनच अडलं. त्रेचाळीस ग्रुप! त्यात दोन्ही पक्ष! त्यानं तीन प्रश्नचिन्हं काढली आणि मास्तरांना चौकशीला बोलावलं. दोषी ठरले तर कार्यशाळा सुटणार आणि भांडारात चादरी मोजायला बसावं लागणार, हे उघड होतं. कर्मचाऱ्यांच्या वतीनं चौकशीत ताई बसणार होत्या.

“भांडारात तर भांडारात,” मास्तर बायकोला म्हणाले. “पण मोर्चा काढणाऱ्या त्या ‘आपलं शहर आधी’ ग्रुपात मी आहे, हे ताईंना तिथे कळणार. त्यांना मी तसला वाटलो तर?”

“आधीच जाऊन सांगा ना मग.”

“काय सांगू? ज्यांनी भावाचा हात मोडला, त्यांच्यात मी आहे म्हणून?”

सांगायला हवं होतं. मास्तर चार दिवस शब्द जुळवत राहिले, आणि चार दिवस ताईंच्या शेजारी बसून टाचा बघत राहिले.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. हेडक्लार्कनं ग्रुपांची नावं वाचायला घेतली. कबुतरं आली तेव्हा साहेब हसले, मासे आले तेव्हा ताईसुद्धा हसल्या.

“मास्तर, तुम्ही तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभे,” साहेब म्हणाले.

“साहेब, मी पायच बघतो. दुसरं काही बघत नाही,” मास्तर म्हणाले आणि त्यांनी सगळं सांगितलं. आरशासमोरची चाल, चहाचं दुकान, बंद आवाज, दोन बोटं. साहेबांचा विश्वास बसला नाही. खरं बोलणाऱ्या माणसाची हीच गत होते, खोटं आधीपासून ठाकठीक करून आणलेलं असतं.

“फक्त बघता?” हेडक्लार्क म्हणाला. त्यानं कागद उलटला. “‘आपलं शहर आधी.’ नऊ तारीख. मोर्चाचा व्हिडिओ. त्याखाली यांनी वर केलेला अंगठा टाकलाय आणि लिहिलंय, ‘शाब्बास, उत्तम!’”

ताईंनी मान वर केली. मास्तरांना आत्ता कुठे तारीख ऐकू आली.

तो व्हिडिओ त्यांना पाठ होता. उतारावरून माणसं धावत होती आणि त्यात पत्रेवाला होता. लंगडत नव्हता. पाच पावलं तो चक्क पळाला, टाच टेकली, बोटांवर वजन गेलं, गुडघा सुटला, कुठे झोल नाही. सात दुरुस्त्यांनंतर! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांनी तो सोळा वेळा पाहिला, फक्त गुडघ्यापासून खाली. आणि आनंदाच्या भरात दोन शब्द लिहून टाकले.

“तुम्हाला काही म्हणायचंय?” साहेबांनी ताईंना विचारलं.

ताई म्हणाल्या, “मास्तर सांगतायत ते खरं आहे. मी अठरा वर्षं यांच्या शेजारी काम करते. हे माणसाला ओळखतात ते चालीवरून, चेहरे यांना आठवतसुद्धा नाहीत. यांना कुठलाच पक्ष नाही.” आवाज अगदी सपाट होता. “हवं तर लिहून देते.”

आणि त्यांनी लिहून दिलं. ज्यांच्या भावाचं दुकान फुटलं त्याच लिहून देतायत म्हटल्यावर साहेबांचा प्रश्नच मिटला. मास्तरांच्या नावापुढची तीन प्रश्नचिन्हं खोडली गेली.

मास्तर पळतच कार्यशाळेत आले. ताई दांड्यांपाशी उभ्या होत्या.

“ताई, तुमचे उपकार…”

“दाखवा मला तो.”

“काय?”

“व्हिडिओ. दाखवा.”

मास्तरांनी फोन काढला आणि सवयीनं दोन बोटं टेकवली. ताईंनी त्यांचा हात बाजूला केला. चित्र पूर्ण राहू दिलं आणि आवाज चालू केला. मास्तरांनी त्या व्हिडिओचा आवाज पहिल्यांदा ऐकला. शिव्या, काच, आणि एका बाईचं ओरडणं. ती ताईंची वहिनी होती. मास्तरांनी सोळा वेळा पाहिलेल्या पाच पावलांनंतर पत्रेवाल्यानं नकली पाय मागे घेऊन शटरवर लाथ घातली होती. एक, मग आणखी एक. चौकटीच्या कडेला ताईंचा भाऊ हात आडवे करून उभा होता. तो सोळाही वेळा तिथेच उभा होता.

“मी खोटं बोलले नाही तिथे,” ताई म्हणाल्या. “तुम्ही त्यांच्यातले नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही त्यांच्यातले असता तर मला एवढं लागलं नसतं, मास्तर. तुम्हाला रोज शिव्या घालून मोकळी झाले असते.”

“ताई, खरंच सांगतो, माझं लक्षच…”

“तेच तर.”

त्या दिवशी त्या एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी कामावर आल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशीही आल्या. ‘कानस द्या’, ‘पुढचा रोगी बोलवा’, असं कामापुरतं बोलायच्या. मास्तरांनी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस ग्रुप सोडले. कबुतरंसुद्धा सोडली. त्याचा कुणालाच काही उपयोग झाला नाही.

पुढच्या मंगळवारी पत्रेवाला पट्टा सैल झाला म्हणून आला. मास्तरांना वाटलं, ताई आज दांड्यांपाशी येणार नाहीत आणि त्यांनी येऊही नये. पण ताई आल्या. त्यांनी त्याच्या कमरेला हात दिला, कुणाच्याही कमरेला द्यायच्या तसाच, आणि म्हणाल्या, “टाका वजन.” पुढचं वाक्य मात्र म्हणाल्या नाहीत.

पत्रेवाला खुशीत होता. दांडे न धरता तो या टोकापासून त्या टोकाला गेला आणि खाली बसलेल्या मास्तरांकडे वाकून म्हणाला, “मास्तर, तुमचं ते ‘शाब्बास’ वाचलं हं. आमच्या सगळ्यांना बरं वाटलं. हॉस्पिटलातही आपला माणूस आहे म्हणायचा!”

ताईंचा हात त्याच्या कमरेवर होता तसाच होता. त्या पत्रेवाल्याकडे बघत नव्हत्या. मास्तरांकडे बघत होत्या, आणि वाट बघत होत्या. मास्तरांना ते कळलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या चेहऱ्यावरचं त्यांना इतकं स्वच्छ वाचता आलं. ‘मी तुमचा माणूस नाही’, एवढंच म्हणायचं होतं. लाथेबद्दलही नाही, शटरबद्दलही नाही, फक्त तेवढंच. पण समोरचा गडी दांडगा होता, मंडळात त्यांची माणसं होती, यादी अजून हेडक्लार्कच्या टेबलावर होती. मास्तरांचं तोंड उघडलं.

“टाच जरा उंच झालीय,” ते म्हणाले. “काढा पाय, घासून देतो.”

ताईंनी पत्रेवाल्याला नीट खुर्चीवर बसवलं, हात धुतले आणि बदलीचा अर्ज लिहायला त्या वरच्या मजल्यावर गेल्या.