बायकोच्या आवाजासाठी माईक

माझी बायको कोंढ्याची. भाताच्या रोवण्याची गाणी ती माहेरच्या शेतात, बांधीतच शिकलेली. गळा मात्र असा हळुवार, की शेजारच्या खोलीतही नीट ऐकू जात नसे. आमच्या पवनीच्या घरी टेपरेकॉर्डर आला तेव्हा मी हौसेनं पेटी काढून तिच्यासोबत बसलो. टेपच्या आतल्या माईकनं माझी पेटीच तेवढी पकडली. बायको गोधडीत तोंड खुपसून गायल्यासारखी वाटत होती. ती हसली, पण ती कॅसेट पुन्हा लावली नाही.

वेगळा माईक घ्यायचं मी ठरवलं. आवाज तिचा, म्हणून नागपूरला तिलाही नेलं.

दुकानदारानं दोन माईक पुढे ठेवले. एक जाडजूड, स्टेजवरचा. त्याला तोंड लावून गावं लागे. दुसरा बारीक, आत पेन्सिल सेल घालायचा. हा कंडेन्सर, दुकानदार म्हणाला, लांबचंही ऐकतो, पण सांभाळून वापरावा लागतो. गाऊन बघा म्हटल्यावर बायको लाजली. शेवटी आम्हा दोघांकडे पाठ करून तिनं दोन ओळी म्हटल्या, आधी एकावर, मग दुसऱ्यावर.

जाड्यावर आवाज स्वच्छ, पण दबका. बारक्यावर तिचा श्वास आला, बांगड्या आल्या आणि रस्त्यावरच्या सायकलरिक्षाची घंटीही आली. मला जाडाच बरा वाटला. तसं मी म्हणालोही.

"तुमाले पेटी वाजवाची हाय, मले गाना म्हणाचा हाय," ती म्हणाली. "ह्याच्यात मी हावो. घंटी आली तं येऊ द्या."

आम्ही बारका घेतला.

पण आमची गल्ली विणकरांची. माईक सुरू केला की चारी बाजूंनी मागांची खटखट टेपवर. दोनदा पुसून पुन्हा भरून पाहिलं. मग बायको स्वतःच घरोघर गेली आणि एका गाण्यापुरते माग थांबवा म्हणाली. मला वाटलं, कोण ऐकणार? त्या दुपारी एकेक माग थांबत गेला. विणकर नुसते थांबले नाहीत, ऐकायला आमच्या ओसरीवर येऊन बसले. कुणी खोकलंसुद्धा नाही. पेटी घेऊन मला पार दाराशी बसवलं होतं.

कॅसेट लावली तेव्हा तिचा आवाज भरभरून आला, अगदी कानाशी बसून गावं तसा. बायकोनं आधी पदर तोंडाला लावला, मग सगळ्यांसोबत तीही हसायला लागली.

बाकीचे आपापल्या मागांकडे परतले, समोरच्या घरातले म्हातारे विणकर मात्र उठले नाहीत. त्यांचा मुलगा नोकरीला पुण्याला होता.

"सूनबाई," ते म्हणाले, "आता माह्या मागाचा आवाज बी भर. पोराले पाठवतो. लहानपणापासून त्याच आवाजात झोपला तो."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या मागाजवळ माईक ठेवला. ते विणायला लागले आणि बायकोनं, कुणी न सांगता, त्या ठेक्यावर गाणं धरलं. म्हातारबांनी तिच्याकडे पाहिलं आणि हात जरा संथ केला. कॅसेटची एक बाजू तशीच भरली.

दिवाळीला त्यांचा मुलगा आला तो थेट आमच्याकडे. खोलीतल्या मित्रांनी ऐकून ऐकून कॅसेटची फीत गुंतवून टाकली होती. दुसरी भरून द्या म्हणाला.

बायकोनं लगेच माईकसाठी नवा सेल मागवला.