भिंतीबाहेरची कबर

मृतांच्या स्मरणदिनी आमच्या दफनभूमीत कबरीकबरीवर मेणबत्त्या लागल्या होत्या. फादर पवित्र पाणी शिंपडत भिंतीपर्यंत आले आणि माघारी वळले. भिंतीपलीकडे मार्थाबाईंचा मुलगा पुरलाय. त्यानं गळफास घेतला, म्हणून नियमानं त्याला आत जागा नाही.

मार्थाबाईंनी ओंजळ पुढे केली. “फादर, माझ्या हातावर तरी टाका.”

“बाई, नियम मी केलेला नाही,” म्हणत फादरनी थोडं पाणी टाकलं.

येशूलाही वेशीबाहेरच मारलं होतं. दर गुड फ्रायडेला आम्ही ते ऐकून रडतो, आणि या भिंतीला दरवर्षी न चुकता चुना मारतो.

फाटकातून वळसा घालून मार्थाबाई कबरीपाशी पोचेपर्यंत पाणी बोटांतून गळून गेलं होतं. मग लेकराचं तोंड पुसावं तसे त्या ओले तळवे मातीवरून फिरवत राहिल्या.