बारीक अक्षरातली सोय

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटरचे फोटो बघून आकडे भरणाऱ्या माणसाला सगळे काका म्हणतात. त्यांच्याहून जेमतेम वर्षभराने लहान असलेले साहेबही. काम सोपं: फोटो उघडायचा, धुळकट काचेमागचा आकडा ओळखायचा, भरायचा, की पुढचा फोटो. या कामाने डोळे जातात हे काकांना डोळे गेल्यावर कळलं.

चष्म्याने भागेना, तशी काकांनी कॉम्प्युटरवरची अक्षरं वाढवत नेली. कोणाच्या डोळ्यावर येणार नाही अशा बेताने, थोडी थोडी. कळलं तर उचलून तक्रारींच्या खिडकीवर बसवतील, ही धास्ती. तिथे दिवसभर लोकांच्या शिव्या खायच्या. आणि त्यातल्या बऱ्याचशा आपणच चुकीच्या भरलेल्या आकड्यांबद्दल असतात, असा काकांना वहीम होता.

मग एका सोमवारी सगळ्या मशीनवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि काकांची मेहनत धुऊन गेली. पडद्यावर मुंग्यांची रांग. अक्षरं मोठी करायची सोय होती कुठेतरी. तीही मुंग्यांच्याच अक्षरात लिहिलेली.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, कॉम्प्युटरवाल्याला सरळ सांगा, चोरी थोडीच केलीय. काकांनी मान डोलावली. संसारात मान डोलावण्याचा त्यांचा सराव दांडगा.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाला टेबलापाशी आला. सकाळपासून प्रत्येकाचं ‘पहिल्यासारखं करून द्या’ ऐकून त्याचा चेहरा पार उतरला होता. काकांनी त्याला जरा पडद्याचा रंग बदलायला सांगितला. त्याने हिरवा केला. मग मागे डोंगराचं चित्र लावलं, कोपऱ्यात घड्याळ बसवलं. आणखी काही? छे छे, झकास झालंय, असं काका म्हणाले. डोंगर त्यांना दिसलाच नव्हता.

तो पुढच्या टेबलाकडे वळल्यावर काका पडद्याला नाक लावून एकटेच शोधू लागले. शेजारच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं, “काका, आत शिरताय की काय?”

दचकून काकांनी भलतंच काहीतरी दाबलं, आणि मशीन बाईच्या आवाजात बोलू लागलं. “अक्षरांचा आकार. लहान.” काकांनी घाबरून माऊस हलवला. तो जिथे टेकेल ते मशीन वाचून दाखवी. “ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी सोयी.” सगळ्या कचेरीला ऐकू गेलं.

साहेब केबिनमधून बाहेर आले.

“काका, दिसत नाही का?”

काकांच्या मनात खोटं बोलायचं आलं होतं, पण मशीनचा भरवसा वाटेना. “कमी दिसतं.”

“कधीपासून?”

“जुन्या सिस्टिमपासून.”

“मग मोठी करून घ्या की अक्षरं.”

“खिडकीवर...” काका पुटपुटले.

“खिडकीला कोणीही मिळतो. हे फोटो बघत बसायला तुमच्याशिवाय कोण तयार होणार?” साहेब आत गेले.

कॉम्प्युटरवाल्याने परत येऊन चुटकीसरशी आवाज बंद केला, अक्षरं मोठी केली, आणि हे आधीच का नाही बोललात अशा नजरेने काकांकडे पाहिलं. पडद्यावर आता एका वेळी चारच ओळी मावत. बाकीचं काम खाली, न दिसणारं, पण होतं तेवढंच.

घरी काकूंनी चहा पुढे ठेवत विचारलं, काय झालं म्हणून.

“मला तिथून हलवणारच नाहीत,” काका म्हणाले.

ते अशा सुरात म्हणाले, की आनंद मानावा की समजूत घालावी, हे काकूंना चहा निवेपर्यंत ठरवता आलं नाही.