पहिल्या वेलांटीचं मीठ

एखादा पेशंट फार नम्रपणे बोलायला लागला की मला धास्ती वाटते. हे कुणाला सांगितलं तर हसतील, आणि पुण्यात जरा जास्तच हसतील. पण गेली काही वर्षं माझं तसं झालंय खरं. तासभर ताटकळलेला वयस्कर गृहस्थ 'काही हरकत नाही, डॉक्टर' म्हणाला, की माझा हात आपोआप रक्ततपासणीच्या चिठ्ठीकडे जातो.

माझा दवाखाना बुधवार पेठेत, पुस्तकांच्या दुकानांच्या वर, पहिल्या मजल्यावर आहे. ज्यांच्यामुळे हे झालं ते काका, माझे जुने पेशंट, तिथे अगदी सुरुवातीपासून येत. पुस्तकांची प्रुफं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि निवृत्त झाल्यावरही पेन्सिल खिशातच असायची. भिंतीवरचा लसीकरणाचा तक्ता असो की माझं प्रिस्क्रिप्शन, चूक दिसली की ते खूण करणारच. 'तुमच्या औषधाला गुण आहे, मराठीला नाही,' असं त्यांनी मला एकदा भरलेल्या दवाखान्यात ऐकवलं होतं. मला राग यायचा. काकूंना तर घरी रोजच ऐकावं लागे. चहा पाणचट, पोळी जाड, आणि दोनदा हाक मारली तर 'ऐकू येतं, बहिरा नाही झालो अजून.'

त्या उन्हाळ्यात त्यांचं ब्लडप्रेशर एका गोळीला दाद देईना, म्हणून मी दुसरी जोडली. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारी, साधी, कितीतरी लोकांना आजवर दिलेली. शिवाय 'मीठ कमी करा, पाणी भरपूर प्या' हे सांगितलं. ते वाक्य माझ्या तोंडात इतकं बसलं होतं की ते कुणाला सांगतेय हेही मी बघत नसे. काका शब्दाचे पक्के. त्यांनी मीठ ताटातून हद्दपार केलं आणि तांब्यामागून तांब्या पाणी प्यायला सुरुवात केली. ही गोळी सुरू केली की दोनेक आठवड्यांत रक्तातलं सोडियम तपासायचं असतं. ती चिठ्ठी मी लिहिली नाही. पुढच्या खेपेला बघू, म्हटलं.

तीन आठवड्यांनी दोघं आले. काकांना मळमळत होतं, गळून गेल्यासारखं वाटत होतं, आणि जिना चढताना त्यांनी भिंतीचा आधार घेतला होता. पण काकू खुशीत होत्या.

"अहो डॉक्टर, तुमच्या गोळीनं हे किती शांत झालेत. काल चहा कसा झालाय विचारलं, तर छान म्हणाले."

"मग ही गोळी निम्म्या पेठेला द्यायला हवी," मी म्हणाले.

काकू हसल्या. काकाही हसले, पण जरा उशिरा. तो उशीर मी पाहिला होता, हे मला आजही लख्ख आठवतं.

ब्लडप्रेशर उत्तम होतं. अशक्तपणाचं खापर मी उन्हावर फोडलं. टेबलावर पथ्याची नवी पत्रकं पडली होती. छापणाऱ्यानं मथळ्यातच घोळ घातला होता, 'मिठ कमी खा', पहिली वेलांटी. आता खरडपट्टी निघणार या तयारीनं मी एक पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, नीट घडी करून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "छान लिहिलंय."

मला बरं वाटलं. सांगायची लाज वाटते, पण जिंकल्यासारखं वाटलं.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांना मोरीत आकडीचा झटका आला. हॉस्पिटलमध्ये सोडियम एकशे आठ निघालं. एकशे पस्तीसच्या वर असायला हवं. तिथल्या डॉक्टरांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "याआधी कधी तपासलं होतं?" "नाही तपासलं," मी म्हणाले.

सोडियम हळूहळू उतरतं तेव्हा मेंदूला सूज येत जाते. आधी माणूस मंदावतो, तोल जातो, मळमळतं. घरच्यांना वाटतं वय झालं, थकले. झटका येतो तो नंतर. हे सगळं लिहूनच मी परीक्षा पास झाले होते. फक्त मंदावलेला माणूस आपल्याकडे सुधारलेला वाटतो, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

त्या झटक्यात पोटातलं अन्न उलटून श्वासनलिकेत गेलं, न्यूमोनिया झाला, आणि नवव्या दिवशी काका गेले. मी काकूंना घरी जाऊन सांगितलं की गोळी माझी होती, तपासणी मी केली नाही, चूक माझी आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाल्या. रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पत्रकांचा गठ्ठा मी टाकूनही दिला नाही आणि वाटलाही नाही. दुपारी दवाखाना रिकामा असला की समोरच्या खुर्चीतून ते 'छान लिहिलंय' अजून येतं, आणि मी उठून नळ सोडते, काहीतरी आवाज करते.

काही महिन्यांनी काकू स्वतःच्या खोकल्यासाठी आल्या. औषध लिहून झालं तरी उठल्या नाहीत.

"हॉस्पिटलात न्यायच्या आधीच्या आठवड्यात हे माझ्याशी फार चांगलं बोलले," त्या म्हणाल्या. "मी मंडईतून आले, तर म्हणाले, दमली असशील, बस जरा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मग त्यांनी विचारलं, "ते बोलणंसुद्धा मीठ कमी झाल्यामुळेच होतं का हो?"

उत्तर मला माहीत होतं. निदान डॉक्टर म्हणून तरी माहीत होतं.

"नाही, काकू. ते मनापासूनच बोलले. काही माणसांना बोलायला उशीर लागतो."

त्यांनी औषधाची चिठ्ठी नीट घडी करून पिशवीत ठेवली.

"तुम्हीही आता गोड बोलायला लागलात, डॉक्टर," त्या म्हणाल्या, आणि पिशवी उचलून सावकाश जिना उतरून गेल्या.